पोच मिळाली का?

किराणा दुकानातला एक आवाज आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो ऐकू येईनासा झाला आहे. दुकानातला मुलगा साबणाची वडी उचलतो, तांबड्या उजेडासमोर धरतो आणि ‘टुक’ असं वाजतं. आपण समजतो, झालं, वडी हिशेबात गेली. आज मला या ‘टुक’विषयीच बोलायचं आहे. तो आवाज नेमकं कोण करतं, कशाबद्दल करतं, आणि तो ऐकून आपण काय समजायचं?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता, २००८ सालच्या जून महिन्यापर्यंत. त्या महिन्यात परभणीतल्या एका बियाण्याच्या गोदामात या आवाजाचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि एका तरुण मुलावर एकेचाळीस पोत्यांच्या चोरीचा आळ आला. चूक त्याची नव्हती, माझी होती. ते सांगणारच आहे. पण ती चूक मला ज्या वाटेनं समजली ती वाट बरीच जुनी आहे, आणि ती आपल्या मोंढ्यावरूनच जाते.

ज्यांनी जुना मोंढा पाहिला आहे त्यांना मापाड्याची हाळी आठवत असेल. धान्य मोजायला घेतलं की मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन, चार. प्रत्येक आकडा तो लांबवून म्हणायचा, पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा. लहानपणी मला ते गाणंच वाटे. पुढे लक्षात आलं की त्या गाण्याला ऐकणारा होता. गादीवर बसलेला दिवाणजी तोच आकडा हळू आवाजात परत म्हणायचा आणि मग वहीत रेघ ओढायचा. दिवाणजीचं लक्ष उडालं, त्याच्याकडून आकडा परत आला नाही, तर मापाडी थांबायचा. भरलेलं माप हातात धरून तसाच उभा राहायचा. मोजणाऱ्यानं मोजलं आणि लिहिणाऱ्यानं ऐकलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या निरक्षर माणसाला पक्कं ठाऊक होतं.

अशीच दुसरी गोष्ट रेल्वे स्टेशनवरची. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावं त्या एकाच रुळानं जोडली गेली. ‘एकाच’ हा शब्द इथं महत्त्वाचा आहे, कारण मार्ग एकेरी होता. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असायला हवी; समोरून दुसरी सुटली तर काय होईल ते सांगायला नको. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. त्याआधी परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यानच्या एका छोट्या स्टेशनावर जाऊन बसायची मला खोड होती. न थांबणारी गाडी यायची, इंजिनातला माणूस हात बाहेर काढायचा आणि फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातलं वेताचं मोठं कडं धावत्या गाडीतून खांद्यावर झेलायचा. त्या कड्याला चामड्याची पिशवी, आणि पिशवीत टोकन. ते टोकन हातात असल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या रुळावर जाण्याची परवानगी नसे.

गंमत आहे ती ते टोकन मिळण्यात. अशा एकेरी मार्गांवर भारतात नीलचं बॉल टोकन यंत्र बरंच वापरात होतं. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र आणि दोन्ही तारेनं जोडलेली. तुमच्या यंत्रात गोळे भरपूर असले तरी पलीकडचा स्टेशनमास्तर साथ देत नाही तोवर एकही बाहेर पडत नाही. एक बाहेर पडला की तो परत कुठल्या तरी एका यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नाही. यंत्रावर घंटा असे आणि घंटेची भाषा ठरलेली होती. एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’. दोन ठोके म्हणजे ‘लाइन मोकळी आहे का?’ तीन म्हणजे ‘गाडी निघाली’, चार म्हणजे ‘गाडी आली, लाइन सुटली’. पलीकडच्यानं ते ठोके जसेच्या तसे परत वाजवायचे. परत वाजले नाहीत तर पहिला ठोका कोणी ऐकलाच नाही असं समजायचं. मोंढ्यातल्या दिवाणजीचं काम इथं घंटा करत होती.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे पाहा. पोच. पत्र पाठवलं की ‘पोच द्यावी’ असं आपण शेवटी लिहीत होतो. मुंबई-पुण्याला कामाला गेलेला मुलगा गावी मनिऑर्डर करायचा, आणि काही दिवसांनी त्याच्या हाती पोचपावतीचा तुकडा पडायचा. त्यावर आईचा अंगठा. पैसे पोचले हे तर त्यावरून कळायचंच, पण आई हाती-पायी धड आहे हेही कळायचं. रजिस्टर पत्राला जोडलेलं ते ‘एडी’चं कार्डही तसंच. आपलं पत्र पोस्टानं घेतलं त्याची पावती वेगळी, आणि ज्याचं त्याला मिळालं त्याची पोच वेगळी. या दोहोंत गल्लत केल्यामुळे कोर्टात दावे हरलेली माणसं मी पाहिली आहेत. गोदामात मी जी गल्लत केली ती याहून फार निराळी नव्हती.

आता बारकोडकडे येतो. त्याचा जन्मही तारायंत्राच्या भाषेतूनच झाला. १९४८ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात किराणा दुकानांच्या एका साखळीचे प्रमुख ड्रेक्सेल या तंत्रशिक्षण संस्थेत गेले आणि म्हणाले, गल्ल्यावर माल आपोआप नोंदला जाईल असं काही तरी शोधून द्या. संस्थेनं नकार दिला, पण ते बोलणं बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं आणि त्यानं ते आपला मित्र जोसेफ वुडलंड याला सांगितलं. वुडलंडनं त्या ध्यासापायी फिलाडेल्फिया सोडलं आणि तो मायामीला आजोबांकडे जाऊन राहिला. बालवीर असताना तो मोर्सची लिपी शिकला होता. एके दिवशी समुद्रकाठी बसला असताना त्यानं वाळूत बोटांनी टिंबं आणि रेघा काढल्या आणि सहज बोटं स्वतःकडे ओढली. टिंबांच्या बारीक उभ्या रेषा झाल्या, रेघांच्या जाड. बस्स, एवढंच. ऑक्टोबर १९४९ मध्ये दोघांनी पेटंटचा अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ ला ते मिळालं. पण त्या रेषा वाचायच्या कशानं? त्यांच्या पहिल्या यंत्रात ५०० वॅटचा दिवा होता. त्याच्या उष्णतेनं कागदच धुमसायला लागे. १९६० मध्ये लेसर आला तेव्हा कुठे वाट दिसली. सिल्व्हर १९६३ मध्येच वारला, त्याला यातलं काहीच पाहायला मिळालं नाही.

मध्यंतरी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी मालडब्यांवर रंगीत पट्ट्यांच्या खुणा लावून पाहिल्या. धुळीनं आणि काजळीनं त्या वाचता येईनाशा झाल्या आणि सत्तरच्या दशकाअखेर तो नाद सोडावा लागला. आपल्याकडच्या जिनिंग कारखान्यात एक दिवस उभं राहिलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही.

किराण्याच्या मालावर आज आपण पाहतो तो पट्टा आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी बेतला आणि १९७३ मध्ये तो अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी स्वीकारला. २६ जून १९७४ ला सकाळी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श नावाच्या दुकानात ६७ सेंटचं च्युइंगम यंत्रानं वाचलं गेलं. ही पहिली विक्री. भारतात या कामासाठी १९९६ मध्ये ईएएन इंडिया ही संस्था उभी राहिली, तिचंच पुढे जीएस-वन इंडिया झालं. आपल्या वाट्याला ८९० हा आकडा आला. (पुड्यावर ८९० दिसलं की माल भारतातच बनला असं अनेक जण समजतात. तसं नाही, त्या मालाच्या कंपनीनं नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे, एवढंच.) तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून गणित करून काढलेला असतो. यंत्रानं एखादा आकडा चुकीचा वाचला तर गणित जुळत नाही आणि यंत्र गप्प बसतं. म्हणजे आपल्या ‘टुक’चा पहिला अर्थ एवढाच की ‘मी बरोबर वाचलं’. वाचलेलं कोणाला सांगितलं, त्यानं ऐकलं का, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

दुकानातला स्कॅनर वायरीनं गल्ल्याला बांधलेला असतो. वायर दोन हाताची. तिथं हा फरक लक्षात येण्याचं कारण नाही, कारण पडदा डोळ्यांसमोर असतो. वायर कापली की मात्र सगळं बदलतं.

वायर कापणं म्हणजे रेडिओ आला, आणि रेडिओवर भरवसा ठेवता येत नाही हे तुम्हा श्रोत्यांना मी काय सांगावं! शॉर्टवेव्हवर एखादं दूरचं केंद्र लावलं की आवाज उसळतो, बुडतो, परत वर येतो. माणसाच्या कानाला गाळलेला शब्द भरून काढता येतो, यंत्राला येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हान ड्यूरेन नावाच्या डच इंजिनियरनं टेलिप्रिंटर बिनतारी चालवण्यासाठी यावर एक सुरेख तोड काढली. प्रत्येक अक्षरासाठी सात खुणा, आणि त्यांतल्या बरोबर तीनच ‘चालू’. पलीकडच्या यंत्रानं मोजायचं. तीनऐवजी दोन किंवा चार निघाल्या तर वाटेत बिघाड झाला. मग त्या यंत्रानं आपणहून मागे सांगायचं, ‘पुन्हा म्हण’. मापाडी आणि दिवाणजी, पण दोघेही यंत्र.

पुढे १९६० च्या दशकात संगणकांसाठी अक्षरांची एक प्रमाण यादी ठरली. तिला ॲस्की म्हणतात. १९६३ मध्ये ती पहिल्यांदा निघाली आणि १९६७ मध्ये सुधारली. त्यात एकूण १२८ जागा आहेत. मला या यादीचं कौतुक वाटतं ते अशासाठी की तिच्या सुरुवातीच्या बत्तीस जागांवर एकही अक्षर नाही. तिथं सगळे हुकूम आणि जबाब बसवले आहेत. पाचव्या क्रमांकावर ‘आहेस का?’ असा प्रश्न. सहाव्यावर ‘पोचलं’. सातव्यावर घंटा. एकविसाव्यावर ‘नाही, मान्य नाही’. ही घंटा जुन्या पत्रकारांच्या ओळखीची आहे. वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरवर मोठी बातमी यायची असली की आधी खरोखरची घंटी वाजायची, आणि संपादकीय खोलीतली माणसं चहा टाकून उठायची. टेलेक्स यंत्रात तर ‘तू कोण?’ असं विचारता येई, आणि पलीकडचं यंत्र, जवळ माणूस असो नसो, आपलं नाव आपणच टंकून पाठवी.

१९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या ठिकाणची यंत्रं एका मध्यवर्ती संगणकाला रेडिओनं जोडली. या व्यवस्थेचं नाव अलोहानेट. नियम साधा होता. बोलायचं असेल तेव्हा बोल आणि मग थांब. मध्यवर्ती संगणक पोच पाठवेल. पोच आली नाही, तर तुझं बोलणं दुसऱ्या कोणाच्या बोलण्यात मिसळून फुकट गेलं असं धर, थोडा वेळ जाऊ दे आणि परत बोल. आज वाय-फायमध्येही मूळ रीत हीच आहे.

आपल्याकडे बिनतारी कॉर्डलेस स्कॅनर यायला उशीर झाला त्याला कायदाही कारण होता. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगता येत नसे. घरातल्या साध्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ते बंद झालं. जानेवारी २००५ मध्ये सरकारनं २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातली कमी शक्तीची यंत्रं परवान्यातून मोकळी केली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत अशा ‘गन’ परभणीसारख्या गावापर्यंत येऊन पोचल्या.

त्यांतलीच एक त्या गोदामात मी बसवून दिली.

गोदाम मोठं, पत्र्याचं. खरिपाच्या तोंडावर सोयाबीनच्या बियाण्याची पोती छतापर्यंत थप्प्या लावून ठेवलेली. प्रत्येक पोत्यावर स्वतंत्र नंबराचा बारकोड चिकटवलेला. ट्रक भरताना एका मुलानं गन हातात घेऊन दारातून जाणारं प्रत्येक पोतं वाचायचं, की संगणकातल्या साठ्यातून ते वजा व्हायचं. संगणक एका टोकाच्या केबिनमध्ये, तिथं गनचा बेस, म्हणजे तिचा रेडिओ ऐकणारा डबा ठेवलेला. मालकांना घाई होती, मृग तोंडावर आला होता. मला सोपी वाट माहीत होती. बेस संगणकाला कीबोर्ड म्हणून जोडायचा. मग गन जे वाचेल ते कोणी तरी टाइप करून एंटर दाबल्यासारखं आपोआप पडद्यावर उमटतं. प्रोग्रॅममध्ये काही बदलावं लागत नाही. अर्ध्या तासात काम झालं, मी चहा पिऊन घरी आलो.

महिनाअखेरीला मालकांनी साठा मोजला. संगणक म्हणत होता त्यापेक्षा गोदामात एकेचाळीस पोती कमी भरली. रात्रीची भरती त्या मुलाकडे, दाराशी तोच. एका पोत्याची किंमत त्याच्या आठवडाभराच्या मजुरीहून जास्त. त्याचा पगार कापायला सुरुवात झाली आणि त्याला दारावरून काढून झाडलोटीला लावलं. त्याचे वडील पाथरीकडच्या एका गावाहून आले, दिवसभर गोदामाच्या ओट्यावर बसून राहिले. मालकांनी पोलिसात दिलं नाही हा मालकांचा मोठेपणा, असं सगळे म्हणत होते. मीही म्हटलं असेल.

मला बोलावलं ते निराळ्याच कामाला, प्रिंटर बिघडला होता म्हणून. तिथं हमालांचा मुकादम भेटला. म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “साहेब, ट्रक मी भरलेत. चलनावर जेवढी पोती लिहिली तेवढी मी तोंडानं मोजून चढवलीत. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी आकड्याची हाळी देतो, पण घ्यायला कोण असतं? पोरगं त्या गनकडं बघतं आणि गन कुणाकडं बघते ते तुम्हालाच ठाऊक.”

मी प्रिंटर ठेवला आणि महिन्याची चलनं मागवली. चलनांवरच्या पोत्यांची बेरीज केली, संगणकानं वजा केलेल्या पोत्यांची बेरीज केली. चलनांची बेरीज एकेचाळीसनं जास्त होती. पोती चोरीला गेलेलीच नव्हती. ती रीतसर विकली होती, त्यांचे पैसेही आले होते. फक्त संगणकाला त्यांची खबर नव्हती. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे असं महिनाभर कोणालाच वाटलं नव्हतं. चलन मुकादमाच्या मोजणीवर, संगणक विजेवर. कोणावर विश्वास ठेवायचा हे जणू आधीच ठरलेलं होतं.

मग मी माझाच प्रोग्रॅम उघडला. एकच पोतं दोनदा वाचलं गेलं तर तो ते नाकारायचा आणि पडद्यावर एक चौकट यायची: ‘हा नंबर आधी नोंदला आहे. ओके.’ नाकारलेले नंबर वेळेसह एका फाइलमध्येही उतरत होते. ती फाइल मी कधी पाहिली नव्हती. त्यात शेहेचाळीस नोंदी निघाल्या, सगळ्या रात्रीच्या. केबिनमध्ये रात्री कोणी नसे. चौकट पडद्यावर तशीच उभी राहायची. मग गोदामात मुलगा पुढचं पोतं वाचायचा, गन ‘टुक’ करायची, आकडे संगणकाकडे जायचे आणि त्या चौकटीवर आपटून नाहीसे व्हायचे. आकड्यांच्या मागून येणारा एंटर मात्र ‘ओके’ दाबायचा आणि चौकट बंद करायचा. पडदा पुन्हा स्वच्छ. प्रत्येक नकारानंतरचं एक पोतं असं गुपचूप गिळलं जात होतं. शेहेचाळीसपैकी पाच वेळा त्यानं ते पुढचं पोतंही दोनदा वाचलं होतं, म्हणून ती पाच वाचली. राहिली एकेचाळीस.

आणि तो एकच पोतं दोनदा का वाचत होता? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “सर, मागच्या थप्पीपाशी गेलं की आवाज उशिरा येतो. वाटायचं, गेलं की नाही गेलं. राहायला नको म्हणून पुन्हा दाबायचो.” बियाण्यातला ओलावा या लहरी शोषून घेतो, थप्पीमागे गन आणि बेस यांचं बोलणं अडखळत होतं. जो बेफिकीर असता त्यानं एकदाच दाबलं असतं आणि त्याच्या नावावर एकही पोतं पडलं नसतं.

मालकांसमोर मी एक पोतं दोनदा वाचून दाखवलं, लगेच दुसरं एकदा वाचलं आणि सगळ्यांना केबिनमध्ये नेलं. दुसऱ्याचा पत्ता नव्हता. गन तिन्ही वेळा ‘टुक’ म्हणाली होती. तिचं काही खोटं नव्हतं. तिनं वाचलं होतं, बेसनं ऐकलं होतं. बेसपर्यंत पोचलं म्हणजे संगणकानं नोंदलं, असं गृहीत मी धरलं होतं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. अशा गनबरोबर एक पुस्तिका येते. तिच्यात पानोपान बारकोडच असतात, आणि ते मालाचे नसून गनला द्यायचे हुकूम असतात. एक वाचला की गनची आठवण पुसली जाते, दुसरा वाचला की ती आपल्या बेसशी नातं जोडते. मी बेस कीबोर्डच्या जागेवरून काढला आणि संगणकामागच्या जुन्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला जोडला. हे दिसायला मागासलेलं काम. पण कीबोर्डची वाट एकेरी, आकडे आत जातात आणि मागे काही येत नाही. सिरियलची वाट दुहेरी. शिवाय तिची वायर पंधरा मीटरपर्यंत नेता येते, त्यामुळे बेस केबिनमधून काढून गोदामाच्या मध्यावर उंच टांगता आला. दोन्ही बाजूंचा बोलण्याचा वेग एकच ठेवावा लागतो, मी ९६०० ठेवला. मग खरं काम. पुस्तिकेतला तो बारकोड वाचला, ज्यानं गनला सांगितलं जातं की आता स्वतःहून समाधान मानू नकोस, होस्टच्या जबाबाची वाट पाहा. या व्यवस्थेत संगणकाला होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. पाहुण्यानं दार वाजवलं म्हणजे तो घरात आला असं नाही, यजमानानं ‘या’ म्हणावं लागतं. सगळ्या मॉडेलांत ही सोय नसते, या गनमध्ये होती.

संगणकाच्या बाजूनं मी प्रोग्रॅम बदलला. चौकट काढूनच टाकली. नंबर आला की तपासायचा, साठ्यातून वजा करायचा, तबकडीवर लिहून झालं की मगच सहाव्या क्रमांकाची खूण परत पाठवायची: पोचलं. नंबर आधीच नोंदलेला असेल तर एकविसावी, आणि जोडीला सातवी, घंटा. बेस ती गनपर्यंत नेतो आणि मुलाच्या हातात वेगळा, घोगरा आवाज वाजतो. दोन सेकंदांत काहीच जबाब आला नाही तरीही गन तक्रार करते. अलोहानेटमध्ये वापरलेली रीत, नीलच्या यंत्रातली रीत, आणि खरं सांगायचं तर मापाड्याचीच रीत. मी ती तीस-चाळीस ओळींत लिहिली. आधी लिहिली असती तर तेवढ्याच ओळी लागल्या असत्या.

मुलाला दारावर परत घेतलं. कापलेला पगार दिवाळीच्या आत दोन हप्त्यांत मिळाला. त्याचे वडील परत आले नाहीत.

नव्या जोडणीच्या पहिल्याच आठवड्यात एका रात्री वीज गेली. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते, आणि केबिनमधली बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिकली. संगणक बंद पडला, गनमध्ये मात्र तिची स्वतःची बॅटरी होती. पूर्वी अशा वेळी ती बिनदिक्कत ‘टुक’ करत राहिली असती. आता प्रत्येक पोत्याला घोगरा आवाज येऊ लागला. मुलानं भरती थांबवली. मुकादमानं त्याच्या बाजूनं हमालांना खाली बसवलं. बाहेर तीन ट्रक, ड्रायव्हर हॉर्न वाजवताहेत, आणि मुलगा म्हणतोय, पोच आल्याशिवाय पोतं सोडणार नाही. सव्वादोन तासांनी वीज आली तेव्हा भरती पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकांचा फोन. म्हणाले, “अहो, आधीचं होतं तेच बरं होतं. निदान ट्रक तरी अडत नव्हते. ते सेटिंग पहिल्यासारखं करून द्या बघू.” मी बघतो म्हणालो. संध्याकाळी गोदामात गेलो, केबिनच्या कपाटातून ती हुकुमांची पुस्तिका काढली आणि पिशवीत घालून घरी घेऊन आलो. ती अजून माझ्याकडेच आहे.